दाहक अल्काचे मोजमाप

१. चंदनतेलापासून साबणापर्यंत

म्हैसूर संस्थानच्या अरण्यांत चंदनाचे वृक्ष विपुल होते. या चंदनाचे लाकूड पूर्वी मोठ्या प्रमाणात युरोपात, विशेषतः जर्मनीत, जात असे आणि त्यातील सुगंधी तेल तेथे काढले जात असे. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले व हा व्यापार एकाएकी थांबला. चंदनाचे ओंडके वखारींत पडून राहू लागले. त्या वेळी चौथे कृष्णराज वडियार हे म्हैसूरचे महाराजा होते आणि सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे दिवाण होते. लाकूड परदेशी पाठविण्याऐवजी तेलच आपल्या भूमीत काढावे, असा विचार तेव्हा पुढे आला. १९०९ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक सडबरो व वॉटसन यांनी या कामी साहाय्य केले आणि १९१६ साली बंगळुरास चंदनतेल काढण्यास आरंभ झाला.

तेल हाती आल्यावर त्याचा साबण करावा, ही पुढची पायरी होती. साबणाच्या शास्त्राचे शिक्षण घेण्यासाठी एस. जी. शास्त्री या रसायनज्ञांना इंग्लंडला पाठविण्यात आले. १९१८ साली सरकारी साबण कारखान्याचा ‘म्हैसूर सँडल’ साबण बाजारात आला. हा कारखाना १९५७ साली बंगळुरातील राजाजीनगर येथे हलविण्यात आला आणि १९८० साली त्याचे ‘कर्नाटक सोप्स अँड डिटर्जंट्स’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले.

या साबणाची कीर्ती चंदनाच्या सुगंधामुळे झाली. परंतु सुगंध हा साबणाचा अगदी लहानसा अंश असतो. साबण होतो तो तेल व अल्क यांच्या संयोगाने. त्यातील अल्काचे प्रमाण चुकले, तर उत्तम चंदनतेलही त्या साबणाला वाचवू शकत नाही. म्हणून कोणत्याही साबण कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक मोजमाप वारंवार करावे लागते. अल्काच्या द्रावणात प्रत्यक्ष किती अल्क आहे, हे अम्लाच्या साहाय्याने ठरवावे लागते. या रीतीस अनुमापन म्हणतात.

२. तेल किती, अल्क किती

खोबरेल किंवा चरबी यांसारखा स्निग्ध पदार्थ दाहक सोड्याबरोबर (कारखान्यातील भाषेत कॉस्टिक सोड्याबरोबर) तापविला असता साबण व ग्लिसरीन तयार होतात. या क्रियेस साबणीकरण म्हणतात. ठराविक वजनाच्या तेलास ठराविक वजनाचाच दाहक सोडा लागतो. १०० किलोग्रॅम खोबरेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे १८.२ किलोग्रॅम शुद्ध दाहक सोडा लागतो, असे समजावे.

कारखान्यात सोडा कोरडा टाकीत नाहीत, त्याचे पाण्यातील द्रावण वापरतात. द्रावणाच्या १०० भाग वजनात सोड्याचे ३० भाग असतील, तर त्याची तीव्रता ३० टक्के आहे असे म्हणतात. अशा द्रावणातून १८.२ किलोग्रॅम सोडा मिळण्यासाठी सुमारे ६०.७ किलोग्रॅम द्रावण घ्यावे लागेल.

आता असे समजा की, द्रावण ३० टक्के आहे असे धरून चालले, पण प्रत्यक्षात ते ३३ टक्के होते. मग तेलाला २० किलोग्रॅम सोडा मिळेल आणि १.८ किलोग्रॅम सोडा कोणाशीही संयोग न पावता वडीत मोकळा राहील. असा साबण त्वचेची आग करतो व हातांना भेगा पाडतो. उलट द्रावण २७ टक्के असले, तर सोडा १.८ किलोग्रॅमने कमी पडेल आणि दहा किलोग्रॅमच्या आसपास तेल तसेच शिल्लक राहील. असा साबण मऊ व चिकट होतो, त्याला फेस बेताचा येतो आणि काही काळाने त्याला खवट वास मारू लागतो.

मोठ्या कढयांत साबण उकळून करण्याच्या पद्धतीत मिठाचे पाणी घालून साबण वेगळा करतात व जादा अल्क खालच्या पाण्याबरोबर काढून टाकतात. तेथे चूक सुधारण्यास थोडा वाव असतो. लहान कारखान्यांतील थंड पद्धतीत मात्र जे मिसळले ते सर्व वडीतच राहते. तेथे आरंभीचे मोजमाप हाच एक आधार असतो.

३. तराजू का पुरत नाही

येथे एक शंका सहज येईल. ३० किलोग्रॅम दाहक सोडा तोलून ७० किलोग्रॅम पाण्यात विरघळविला, म्हणजे द्रावण ३० टक्के झालेच. मग वेगळे मोजमाप कशाला?

अडचण दाहक सोड्याच्या स्वभावात आहे. हा पदार्थ उघड्या हवेत ठेवला असता हवेतील ओलावा शोषून घेतो आणि थोड्या वेळाने स्वतःच त्या ओलाव्यात विरघळू लागतो. पावसाळ्यात अर्धवट उघड्या राहिलेल्या पिंपातील सोडा तोलला, तर तराजूत सोड्याबरोबर पाणीही तोलले जाते. शिवाय हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाशी संयोग होऊन त्याचा काही भाग सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, बनतो. कार्बोनेट हेही अल्कधर्मीच आहे, परंतु ते सौम्य असते. तेलाचे साबणीकरण करण्याचे काम दाहक सोडा करतो तसे ते करीत नाही.

द्रावणाची घनता मोजणारा हायड्रोमीटर कारखान्यात सोयीचा असतो, कारण त्याचा आकडा एका क्षणात वाचता येतो. पण तोही पुरेसा साक्षीदार नव्हे. द्रावणात जे जे विरघळले असेल त्या सर्वांमुळे घनता वाढते. दाहक सोडा, कार्बोनेट व मीठ यांतील भेद हायड्रोमीटरला कळत नाही. द्रावण तापलेले असले तर घनताही बदलते.

सौम्य व तीव्र अल्क यांतील भेद आपल्या देशात पुरातन काळीही जाणला गेला होता. सुश्रुतसंहितेत क्षारांचे मृदु व तीक्ष्ण असे भेद केलेले असून, भाजलेली चुनखडी व शंखशिंपले यांच्या योगाने क्षार प्रखर करण्याची रीत तेथे सांगितली आहे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर, चुन्यामुळे कार्बोनेटाचे दाहक अल्कात रूपांतर होते. परंतु एखाद्या द्रावणात यांपैकी प्रत्येकाचा भाग किती, हे अंकांनी सांगण्यास अम्लाची मदत घ्यावी लागते.

४. अम्लाने मोजण्याची रीत

अम्ल व अल्क एकत्र आले की ते परस्परांचा गुण नाहीसा करतात व लवण आणि पाणी तयार होते. हायड्रोक्लोरिक अम्ल व दाहक सोडा यांपासून आपले नेहमीचे मीठ होते. या क्रियेस उदासिनीकरण म्हणतात. तिचे प्रमाण कधीही बदलत नाही. ४० ग्रॅम दाहक सोड्यास नेमके ३६.५ ग्रॅम हायड्रोक्लोरिक अम्ल लागते. म्हणून तीव्रता ठाऊक असलेले अम्ल किती लागले हे मोजले, की अल्क किती होते हे गणिताने निघते.

या रीतीचा उगम कापडाच्या धंद्यात आहे. स्कॉटलंडमधील फ्रान्सिस होम याने १७५६ साली कापड विरंजनासाठी लागणाऱ्या राखेच्या क्षाराची परीक्षा करताना, त्यावर पातळ केलेले नायट्रिक अम्ल चमच्या-चमच्याने घातले आणि बुडबुडे येणे थांबेपर्यंत किती चमचे लागले ते मोजले. १७६७ साली इंग्लंडमधील विल्यम लुईस याने बुडबुड्यांऐवजी लिटमसच्या रंगाचा आधार घेतला. पुढे फ्रान्समधील गे-ल्युसॅक याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या रीतीस नेमकेपणा आणला, आणि जर्मनीतील फ्रीड्रिख मोर याने १८५५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे ती सर्व प्रयोगशाळांत रुळली. धंद्यात फसगत होऊ नये, या गरजेतून हे शास्त्र वाढले.

५. साधने आणि द्रावणे

अनुमापनास थोडीच साधने लागतात. ब्युरेट ही खाली तोटी असलेली, ५० मिलिलिटरपर्यंत खुणा केलेली उभी काचनळी होय. तिच्यातून अम्ल थेंबाथेंबाने सोडता येते. पिपेटने ठराविक आकारमानाचे, उदाहरणार्थ २५ मिलिलिटर, द्रावण उचलता येते. यांखेरीज ठराविक मापाचे चंबू, शंकूच्या आकाराचे चंबू, पांढरी फरशी व रासायनिक तराजू एवढे साहित्य पुरते.

अम्लाची तीव्रता सांगण्यासाठी ‘प्रसामान्य’ ही संज्ञा वापरतात. एक लिटर द्रावणात ३६.५ ग्रॅम हायड्रोक्लोरिक अम्ल असेल, तर ते १ प्रसामान्य होय. नेहमीच्या कामासाठी ०.१ प्रसामान्य अम्ल सोयीचे असते. बाजारात मिळणाऱ्या तीव्र हायड्रोक्लोरिक अम्लाचे सुमारे ८.५ मिलिलिटर, पाणी घालून एक लिटर केले, की जवळजवळ ०.१ प्रसामान्य द्रावण मिळते. परंतु ‘जवळजवळ’ येथे चालत नाही. तीव्र अम्लातून वाफा निघून जात असल्यामुळे त्याची शक्ती निश्चित नसते. म्हणून आधी अम्लाचीच परीक्षा करावी लागते.

त्यासाठी शुद्ध व निर्जल सोडियम कार्बोनेट भट्टीत तापवून, कोरड्या जागी थंड करून, त्यातील १.३२५ ग्रॅम अचूक तोलतात व २५० मिलिलिटरच्या चंबूत विरघळवितात. हे द्रावण नेमके ०.१ प्रसामान्य होते. त्याच्या २५ मिलिलिटरला मिथिल ऑरेंज दर्शक वापरून अम्ल किती लागते ते पाहतात. २४.८ मिलिलिटर अम्ल लागले, तर अम्लाची तीव्रता २५ × ०.१ ÷ २४.८, म्हणजे ०.१००८ प्रसामान्य ठरते. असे अम्ल हिशेबाने पातळ करून नेमके ०.१ प्रसामान्य करता येते, किंवा मिळालेला आकडा बाटलीवर लिहून तोच गणितात घेता येतो.

६. प्रत्यक्ष कृती

दाहक सोड्याचे द्रावण हाताळताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. ते डोळ्यांत उडाल्यास कायमची इजा होऊ शकते. अंगावर पडल्यास तत्काळ भरपूर पाण्याने धुवावे. घन सोडा विरघळविताना सोडा पाण्यात थोडाथोडा घालावा, सोड्यावर पाणी ओतू नये, कारण फार उष्णता निर्माण होते. पिपेट तोंडाने कधीही ओढू नये, त्यासाठी रबरी फुगा वापरावा.

टाकीतील द्रावण ढवळून त्याचा नमुना झाकणाच्या बाटलीत घेतात. त्यापैकी नेमके १० ग्रॅम तोलून ५०० मिलिलिटरच्या चंबूत, उकळून थंड केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्याने खुणेपर्यंत भरतात. पाणी उकळण्याचे कारण असे की, त्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड निघून जावा. चंबू उलटसुलट हलवून द्रावण एकजीव करतात. त्यातील २५ मिलिलिटर पिपेटने शंक्वाकृती चंबूत घेतात. या २५ मिलिलिटरमध्ये मूळ द्रावणाचा ०.५ ग्रॅम असतो.

ब्युरेट आधी पाण्याने व मग थोड्या अम्लाने विसळून अम्लाने भरतात. तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिलेला नसावा. अम्ल ब्युरेटमध्ये व अल्क चंबूत ठेवण्याचा प्रघात आहे, कारण अल्कामुळे काचेची तोटी घट्ट बसून अडकण्याचा संभव असतो. नळीतील द्रवाचा पृष्ठभाग मध्ये खोलगट दिसतो. त्या खोलगट भागाच्या तळाशी, डोळा समपातळीत ठेवून, आकडा वाचतात.

चंबूत फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे दोन थेंब घातले की द्रावण गुलाबी होते. चंबू पांढऱ्या फरशीवर धरून व सतत गोल हलवीत, ब्युरेटमधून अम्ल सोडतात. गुलाबी रंग जेथे अम्ल पडते तेथे क्षणभर नाहीसा होतो व पुन्हा येतो. हा रंग परतण्यास वेळ लागू लागला की, अम्ल एकेक थेंब घालतात. ज्या थेंबाने रंग पूर्णपणे जातो, तेथे पहिला अंतिम बिंदू आला. आकडा टिपून घेतात, पण काम येथे थांबत नाही.

त्याच चंबूत मिथिल ऑरेंजचे दोन थेंब घालतात. द्रावण पिवळे होते. अम्ल पुन्हा थेंबाथेंबाने सोडतात. पिवळा रंग नारिंगी होताच दुसरा अंतिम बिंदू आला. पहिली खेप अंदाजासाठी करतात. त्यानंतर निदान तीन खेपांचे आकडे परस्परांशी ०.१ मिलिलिटरच्या आत जुळले, तरच त्यांची सरासरी विश्वासार्ह मानतात.

७. दोन दर्शक का?

फिनॉल्फ्थॅलीन व मिथिल ऑरेंज यांचे रंग वेगवेगळ्या अवस्थांत बदलतात. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग द्रावण अजून किंचित अल्कधर्मी असतानाच, पीएच ८.३ च्या सुमारास, जातो. मिथिल ऑरेंजचा रंग द्रावण अम्लधर्मी झाल्यावर, पीएच ४ च्या सुमारास, बदलतो.

दाहक सोड्याचे उदासिनीकरण पहिल्या बिंदूपर्यंत पूर्ण झालेले असते. कार्बोनेटाची गोष्ट वेगळी आहे. ते अम्लाशी दोन टप्प्यांत संयोग पावते. पहिल्या टप्प्यात त्याचे बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा, होतो व तेथेच फिनॉल्फ्थॅलीनचा रंग जातो. दुसऱ्या टप्प्यात बायकार्बोनेटातून कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो व मग मिथिल ऑरेंजचा रंग बदलतो. दोन्ही टप्प्यांना अम्ल सारखेच लागते. म्हणून पहिल्या व दुसऱ्या बिंदूंमध्ये जेवढे अम्ल लागले, त्याच्या दुप्पट अम्ल कार्बोनेटाच्या वाट्याचे, आणि उरलेले सर्व दाहक सोड्याच्या वाट्याचे.

८. हिशेब

उदाहरणादाखल असे समजा की, ३० टक्के म्हणून तयार केलेल्या एका द्रावणाची वरीलप्रमाणे परीक्षा केली. अम्ल नेमके ०.१ प्रसामान्य होते. सरासरी आकडे पुढीलप्रमाणे मिळाले.

पहिल्या बिंदूपर्यंत लागलेले अम्ल : ३४.५० मिलिलिटर.
आरंभापासून दुसऱ्या बिंदूपर्यंत लागलेले अम्ल : ३५.३० मिलिलिटर.
दोन बिंदूंमधील अम्ल : ०.८० मिलिलिटर.
कार्बोनेटास लागलेले अम्ल : २ × ०.८० = १.६० मिलिलिटर.
दाहक सोड्यास लागलेले अम्ल : ३५.३० − १.६० = ३३.७० मिलिलिटर.

०.१ प्रसामान्य अम्लाचा १ मिलिलिटर ०.००४० ग्रॅम दाहक सोड्याबरोबर, किंवा ०.००५३ ग्रॅम सोडियम कार्बोनेटाबरोबर असतो.

दाहक सोडा : ३३.७० × ०.००४० = ०.१३४८ ग्रॅम. हा ०.५ ग्रॅम नमुन्यात असल्याने २६.९६ टक्के.
सोडियम कार्बोनेट : १.६० × ०.००५३ = ०.००८५ ग्रॅम, म्हणजे १.७० टक्के.

येथे एक धोका लक्षात घेतला पाहिजे. केवळ मिथिल ऑरेंज वापरून ३५.३० मिलिलिटर हा एकच आकडा घेतला असता आणि सर्व अल्क दाहक सोडाच आहे असे धरले असते, तर तीव्रता २८.२४ टक्के निघाली असती. अनुमापन अचूक झाले असते, तरी उत्तर चुकले असते. त्या आकड्यावर विसंबून १०० किलोग्रॅम खोबरेलास सुमारे ६४.४ किलोग्रॅम द्रावण घातले, तर सुमारे साडेचार किलोग्रॅम तेल साबण न होता उरेल. खऱ्या आकड्यानुसार ६७.५ किलोग्रॅम द्रावण लागते. अम्ल किती लागले हे जाणणे आवश्यक आहेच, पण ते कशासाठी लागले हेही जाणले पाहिजे.

९. तयार साबणाची परीक्षा

शेवटी वडीत मोकळा दाहक सोडा राहिला आहे काय, हे तपासण्यासही अम्लच उपयोगी पडते. १० ग्रॅम साबणाचे काप उदासीन केलेल्या गरम अल्कोहोलात विरघळवितात. साबण व दाहक सोडा त्यात विरघळतात, कार्बोनेट विरघळत नाही व गाळून वेगळे करता येते. गाळलेल्या द्रावणात फिनॉल्फ्थॅलीन घातल्यावर गुलाबी रंग आला, तर मोकळा अल्क आहे असे समजावे. तो रंग घालविण्यास ०.१ प्रसामान्य अम्लाचे १.२५ मिलिलिटर लागले, तर १० ग्रॅम साबणात ५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्के, मोकळा सोडा आहे. एवढा अल्प अंश जिभेला किंवा हाताला सांगता आला नसता.

१०. शाळेत करण्याजोगा प्रयोग

शाळेत दाहक सोड्याच्या तीव्र द्रावणाऐवजी चुन्याची निवळी घेणे अधिक सुरक्षित आहे. तरीही चष्मा व रबरी फुगा वापरावा आणि प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. पानाला लावतात तो चुना ऊर्ध्वपातित पाण्यात कालवून बाटली बुचाने बंद करून रात्रभर ठेवावी व वरचे स्वच्छ पाणी गाळून घ्यावे. या निवळीच्या २५ मिलिलिटरला फिनॉल्फ्थॅलीन वापरून ०.१ प्रसामान्य अम्ल सुमारे ११ मिलिलिटर लागेल. ०.१ प्रसामान्य अम्लाचा १ मिलिलिटर ०.००३७ ग्रॅम विरलेल्या चुन्याबरोबर असतो. यावरून एक लिटर निवळीत किती चुना विरघळला आहे, ते काढावे.

प्रश्न

१. निवळी दोन दिवस उघड्या भांड्यात ठेवली, तर तिच्यावर पांढरी साय का येते? त्यानंतर अम्ल कमी लागेल की अधिक?

२. चुना गरम पाण्यापेक्षा थंड पाण्यात अधिक विरघळतो. हे अनुमापनाने कसे सिद्ध करता येईल?

३. दाहक सोड्याच्या ०.५ ग्रॅम द्रावणास पहिल्या बिंदूपर्यंत ३०.२० व दुसऱ्या बिंदूपर्यंत एकूण ३०.६० मिलिलिटर ०.१ प्रसामान्य अम्ल लागले. द्रावणातील दाहक सोडा व कार्बोनेट यांचे शेकडा प्रमाण काढा. (उत्तर : दाहक सोडा २३.८४ टक्के, कार्बोनेट सुमारे ०.८५ टक्के.)

४. पिपेट पाण्याने धुऊन तशीच ओली वापरली, तर उत्तर खऱ्यापेक्षा कमी येईल की जास्त? कारण सांगा. शंक्वाकृती चंबू ओला असला तर काही बिघडत नाही, असे का?